लसणीचे दात: परसातल्या एका वाफ्याच्या नोंदी

जागा: गोव्यातला डिचोली तालुका, घरामागचं परस. वाफा एकच, 3 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद. राबणारी मी, रविवारी सापडला तर नवरा. देखरेख आणि टीका सासूबाईंची, म्हणजे आईंची.

20 सप्टेंबर 2024, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. चवथ सरली, घरात पुन्हा लसूण शिजायला लागली आणि भाव विचारला तर साडेतीनशे रुपये किलो. विकणारी म्हणाली, "मध्य प्रदेशची आहे बाय, याच्याहून स्वस्त कुठे मिळाली तर मलाही सांग." पाव किलो घेऊन आले.

घरी मात्र एक किलो लसूण आधीच पडून आहे, ती खायची नाही. चवथीला आलेला माझा भाऊ चाकणला असतो. येताना राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचं 'भीमा पर्पल' जातीचं बेणं घेऊन आला. "लावून बघ," म्हणाला. जांभळट सालीची लसूण, लागवडीपासून साधारण 120 ते 135 दिवसांत तयार होते. हे सगळं पुण्याच्या हवेत. डिचोलीचं काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पलीकडच्या घरातली तिया कुंपणाशी आली. तिचं शिक्षण पोर्तुगीज शाळेतलं. लसणीच्या पाकळीला त्या भाषेत 'देंत' म्हणतात, म्हणजे दात. बेणं हातात घेऊन तिने निकाल दिला: "गोंयांत लसणीक दांत येवचे नात गे." आत आईंनीही तेच सांगितलं, फक्त मराठीत आणि जरा जास्त वेळ लावून.

23 सप्टेंबर

या दोघींचं म्हणणं उगाच नाही. लसूण जमिनीत दोन कामं करते, पात वाढवते आणि गड्डा भरते. पात कुठेही वाढते. गड्ड्यात पाकळ्या पडायच्या तर रोपाला आधी थंडी भोगावी लागते, मग वाढत जाणारा दिवस लागतो. महाबळेश्वरला किंवा माळव्यात ती थंडी आपोआप मिळते. आमच्याकडे जानेवारीतल्या पहाटेसुद्धा पारा साधारण 19-20 च्याच आसपास असतो. थंडी मिळालीच नाही तर जमिनीखाली गोटीसारखी एकच गोल पाकळी होते. म्हणजे एकच दात.

थंडी जमिनीत नाही, पण फ्रीजमध्ये आहे. अर्धं बेणं गड्डे न फोडता कागदी पिशवीत घालून खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलं. तिथे थर्मामीटर 6 ते 7 अंश दाखवतो (शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी अशा वेळी कामी येते). लावणीपर्यंत चाळीसेक दिवस होतील. उरलेलं अर्धं माळ्यावर, उघड्या सुपात. दोन्हींची लावणी एकाच वाफ्यात, एकाच दिवशी.

30 सप्टेंबर

दुधाला लसणीचा वास. नवरा चहा न पिता कामावर गेला. पिशवी काढून स्टीलच्या डब्यात घातली, झाकण किंचित तिरकं ठेवलं. वास कमी झाला, गेला नाही.

14 ऑक्टोबर

दसरा झाला, माती घेतली. आमची माती जांभ्याची, तांबडी, भुसभुशीत दिसते पण पाऊस थांबला की वीट होते. पीएच 5.2. लसणीला 6 ते 7 हवा. इतक्या आंबट मातीत मुळांना स्फुरद नीट मिळत नाही, कारण लोह आणि अ‍ॅल्युमिनियम ते धरून ठेवतात. विझवलेला शिंपल्यांचा चुना चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम या हिशेबाने, सगळा मिळून 700 ग्रॅम, मातीत कालवला. लावणीआधी तीन आठवडे मुरायला हवेत, म्हणून आजच. वर चार घमेली कुजलेलं शेणखत आणि न्हाणीच्या चुलीची राख थोडी. राखही आम्लता मारते, तेव्हा हात आखडता ठेवला.

वाफा वीतभर उंच केला. परतीचा पाऊस अजून कोसळतो आहे आणि पाणी साचलं की लसूण कुजते.

4 नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, लावणी.

पाकळ्या सुट्या केल्या त्या सकाळीच. आदल्या दिवशी फोडून ठेवल्या तर सुकतात. गड्ड्याच्या बाहेरच्या, जाड पाकळ्या निवडल्या. आतल्या काडीसारख्या बाजूला. साल काढायची नाही, टोक वर, बूड खाली, दोन बोटं खोल. ओळीओळीत 15 सेंटीमीटर, पाकळ्यांत 10. अशा 20 ओळी, ओळीत 12 पाकळ्या. पूर्वेकडच्या 10 ओळी फ्रीजमधल्या, पश्चिमेकडच्या 10 माळ्यावरच्या. मधे बांबूची कामटी रोवली.

निवडून उरलेल्या बारक्या पाकळ्यांचं काय करायचं? टाकवेना. फळवाल्याकडचा जुना प्लास्टिकचा क्रेट होता, त्यात गोणपाट अंथरून माती भरली आणि पाकळ्या दाटीने, दोन-दोन इंचांवर खोचल्या. यातून गड्डा मिळणार नाही. पात मिळाली तर मिळाली.

फ्रीजमधल्या आणखी दोनेक मुठी सोलून बरणीत भरल्या, वर माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणि मीठ. हे तियाचं शिक्षण.

13 नोव्हेंबर

फ्रीजमधल्या पाकळ्या पाचव्या दिवशी वर आल्या, एकसारख्या, पलटण उभी राहावी तशा. माळ्यावरच्यांचे आज कुठे चारदोन कोंब दिसताहेत.

15 नोव्हेंबर

कोंबड्या. आमच्याच. पूर्वेकडची जवळजवळ एक ओळ उकरून टाकली, 11 पाकळ्या गेल्या. पश्चिमेकडच्या 9. वर माशांची जुनी जाळी ताणली. आई म्हणाल्या, "कोंबडीला मसाला स्वतःच शोधू दे की." हसू आलं नाही.

1 डिसेंबर

व्हिनेगरच्या बरणीतली लसूण हिरवी झाली आहे. पोपटी नाही, मोरचुदासारखी निळसर हिरवी. नवऱ्याने बरणी फेकायलाच काढली होती. वाटलं असेल की तांब्याचा चमचा लागला. तांबं इथे कुठेच नाही.

हे विष नाही. लसूण थंडीत राहिली की तिच्यात एक विशिष्ट गंधकी द्रव्य साठत जातं. आंबट द्रवात पेशी सैल पडल्या की ते बाहेर येतं, लसणीतल्याच अमिनो आम्लांशी जुळतं आणि हा रंग धरतो. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात मुद्दाम अशी हिरवी लसूण मुरवतात आणि नव्या वर्षाला खातात. खात्री करायला दुसरी बरणी भरली, बाजारच्या, फ्रीज न पाहिलेल्या लसणीची. तेच व्हिनेगर, तेच मीठ. आठ दिवस झाले, ती पांढरीच आहे.

म्हणजे माझ्या फ्रीजने बेण्यात काहीतरी बदल केला आहे एवढं तरी बरणीने सांगितलं. गड्ड्याच्या बाबतीत वाट बघायची.

17 डिसेंबर

पातीवर चंदेरी चट्टे. फुलकिडे. पातीच्या बेचक्यात बसतात, भिंगातून बघितल्यावर पिवळट सुईच्या टोकाएवढे दिसले. पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून दहा लिटर केलं, चमचाभर साबणपाणी. सूर्य कलल्यावर फवारलं. आठवड्याने पुन्हा. पाणी वरून शिंपडायचं बंद, ओळीतून सोडायचं, कारण पात ओली राहिली की करपा येतो. दोन टोकं जांभळट झाली होती, ती पानं कापून जाळली.

14 जानेवारी 2025, संक्रांत

क्रेटमधली पात आज दुसऱ्यांदा कापली. पहिली कापणी 20 डिसेंबरला, बुडापासून दोन बोटं ठेवून. पंचवीस दिवसांत पुन्हा वीतभर आली. आज 170 ग्रॅम. क्रेटला खर्च शून्य, कारण पाकळ्या टाकाऊ, माती परसातली.

पातीची चटणी: पात, ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, आंबटाला आमसुलाचं आगळ. पाट्यावर. लसणीचा तिखटपणा यात असतो, पण घसा धरत नाही. आज वाण द्यायला आलेल्या बायकांपैकी तिघींनी क्रेट बघायला मागितला. वाफा कुणी बघितला नाही.

2 फेब्रुवारी

प्रत्येक बाजूचं एकेक रोप उपटून बघितलं. पूर्वेच्या रोपाचं बूड फुगलंय, आडवं कापलं तर आत पाकळ्यांच्या सीमा दिसतात. पश्चिमेचं हिरव्या कांदापातीसारखं सरळसोट. पात मात्र पश्चिमेचीच जाडजूड आणि उंच. वाटेवरून जाणारा कुणीही पश्चिमेकडची बाजू चांगली म्हणेल.

9 फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाकघरातला दिवस. उपटलेली दोन, बाजारची काही, असं घेऊन बसले. गेली कित्येक वर्षं हाताने करते तेच नीट बघायचं होतं.

लसणीत तिखट वास तयार नसतो. अ‍ॅलीन एका कप्प्यात, त्याला फोडणारं एन्झाइम दुसऱ्यात. चिरलं, ठेचलं की दोन्ही भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. उष्णतेने ते एन्झाइम मरतं. एवढं लक्षात ठेवलं की आमच्या घरातल्या निम्म्या सवयींचं कारण सापडतं.

सोलकढीला आई लसूण ठेचून वाटीत बाजूला ठेवतात, मग नारळ पिळायला बसतात. मी नेहमी उलटं करायचे. आज दोन्ही करून बघितलं: दहा मिनिटं ठेचून ठेवलेली लसूण दुपटीने बोलते, शेवटी घातलेली नुसती आहे म्हणायची. तांबड्या भाजीला उलट, सालासकट एक बुक्की मारून पाकळी थेट खोबरेल तेलात. तेल कोमट असतानाच घालायची, कडकडीत तेलात ती बाहेरून जळते आणि कडू होते, आतून कच्ची. मंद आचेवर कड बदामी झाली की भाजी. तिखट वास बराचसा जातो, गोडसर खमंगपणा येतो. कुळथाच्या पिठीला मात्र आई थोडी जास्तच तांबूस करतात, जवळजवळ जळायच्या काठावर, आणि ते बरोबर आहे, कारण कुळथाला तेवढा जोर पेलतो. अख्खी पाकळी सालीसकट निखाऱ्यात भाजली तर एन्झाइम कापण्याआधीच मरतं, म्हणून लोण्यासारखी मऊ, निरुपद्रवी होते. लेकीला तशीच आवडते.

तिया रेशादचा मसाला वाटायला माझ्याच पाट्यावर आली होती, काश्मिरी मिरच्या आणि भरपूर लसूण, पाण्याऐवजी व्हिनेगर. विंदालू हा शब्द पोर्तुगीज 'विन्या द आल्युश'मधून आला, द्राक्षाची दारू आणि लसूण. 'आल्यु' म्हणजे लसूण. बाहेरगावच्या हॉटेलांनी त्याचा 'आलू' ऐकला आणि त्यात बटाटे पडले. तियासमोर हा विषय काढू नये, अर्धा तास जातो.

बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या हुमणात आमच्याकडे लसूण जात नाही. दोघींना एका भांड्यात कोंडू नये, असं आईंचं मत. मलाही पटतं.

18 फेब्रुवारी

पूर्वेकडचं पाणी तोडलं. पात खालून पिवळी पडते आहे. पश्चिमेला अजून चार दिवसांआड पाणी.

5 मार्च

121 वा दिवस, पूर्वेकडची काढणी. खुरप्याने बाजूची माती सैल करून उपटली. ओढलं की मान तुटते, हे तिसऱ्या गड्ड्याला शिकले. 101 गड्डे. लहान, पण पाकळ्या आहेत! दहा ते पंधरा. पहिला फोडून तियाला कुंपणावरून दाखवला. तिने एकेक मोजले, मग म्हणाली, "दुदाचे दांत."

पातीसकट पडवीत बांबूवर टांगली. उन्हात घातली तर साल सुटते आणि गड्डा उघडा पडतो.

19 मार्च

पश्चिमेची काढणी, 135 वा दिवस. 96 निघाले. त्यांतले 71 गोल, एकपाकळी. 25 च्या गड्ड्यांत चार-सहा पाकळ्या, त्याही वेड्यावाकड्या.

30 मार्च, पाडवा

वाळल्यावर वजनं.

पूर्व: 101 गड्डे, 1 किलो 310 ग्रॅम. सरासरी 13 ग्रॅम.
पश्चिम: 96 नग, 475 ग्रॅम.
क्रेटमधली पात, चार कापण्या मिळून: 640 ग्रॅम. पाचवी कापणी घेतली नाही, उन्हाने कोंब मलूल झाले.

बाजारात नवी लसूण आली आहे, 120 रुपये किलो. म्हणजे माझ्या पावणेदोन किलो लसणीची किंमत दोनशे चौदा रुपये. सप्टेंबरात ती सव्वासहाशेची असती. नवऱ्याने मजुरीचा हिशेब मांडायला घेतला होता, त्याला चहा दिला.

पातीचा हिशेब वेगळा निघतो. पात इथे बाजारात फार दिसत नाही, दिसली तर जुडी 20 रुपयांना आणि ती सुकलेली. 640 ग्रॅम पात जागा घेते दीड हात, तीही पायरीवर. यंदा लावणीत क्रेट चार.

9 मे, शुक्रवार

पुन्हा म्हापसा, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी. खारवलेले बांगडे, सुकी सुंगटं, आमसुलं, मिरच्या. कांद्याच्या माळा खांद्यावर टाकून माणसं फिरतात तो हा आठवडा. लसूण घेतली नाही. कांद्याच्या माळा विणणाऱ्या बाईजवळ उभी राहून हात बघितला: तीन पेडांची वेणी, दर वळणाला नवा गड्डा, मधे गवताची दोरी. घरी येऊन पूर्वेच्या 60 गड्ड्यांच्या दोन माळा केल्या, 30-30. पहिली विस्कटली, दुसरी बरी. एक स्वयंपाकघरात खिडकीशी, एक न्हाणीच्या चुलीवर, जिथे रोज सकाळी पाणी तापतं. उरलेले 41 खायला.

27 मे

पाऊस मे महिन्यातच हजर झाला. 20 तारखेपासून झोडपतोय, काल-परवा मान्सूनच आल्याचं जाहीर झालं. वाड्यावर अर्ध्या जणांचं वाळवण भिजलं.

फोन आला, मावसबहिणीचा, फोंड्याहून. तिने किलोभर लसूण सोलून खोबरेल तेलात बुडवून फडताळात ठेवली आहे, पावसासाठी, आणि मला तसंच करायला सांगत होती. मी तिला आजच्या आज ती टाकायला लावली. तेलाखाली हवा नसते, लसूण आंबट नसते, आणि मातीतून आलेल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला तेवढंच हवं असतं. वास बदलत नाही, चव बदलत नाही, बुडबुडेही येतीलच असं नाही. 1985 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात अशाच तेलातल्या लसणीने 36 जण आजारी पडले होते. तेलात ठेवायचीच तर थोडी करायची, फ्रीजमध्ये ठेवायची, चार दिवसांत संपवायची. जास्त दिवस हवी तर व्हिनेगर. किंवा चकत्या खडखडीत वाळवून भुकटी. बहीण रागावली. तेल महाग आहे, मान्य.

6 जुलै

सोललेली नसली तरी लसूण फ्रीजमध्ये ठेवायची नाही, हे खाण्याच्या लसणीबद्दल. 5 ते 10 अंशांत तिला वाटतं हिवाळा झाला, आणि कोंब फुटतो. शीतगृहात शून्याजवळ ठेवतात ते वेगळं. लावायच्या लसणीला जे हवं तेच खायच्या लसणीला नको.

स्वयंपाकघरातली माळ आज उतरवली. 30 पैकी 14 धड. बाकीच्यांत काळी बुरशी, सालीखाली काजळी फासल्यासारखी, आणि पाच पोकळ. न्हाणीतली माळ: 30 पैकी 27 टणटणीत, साल धुराने काळपट. हवेत पाणी दोन्हीकडे सारखंच. पण न्हाणीत रोज तासभर कोरडी ऊब मिळते. माझ्या सासऱ्यांची आई बेण्याचं सगळं तिथेच टांगायची, असं आई आता सांगतात. मे महिन्यात का नाही सांगितलं? "तू विचारलंस कुठे."

19 जुलै

पश्चिमेचे गोल दात संपले. मला वाटलं होतं ते टाकण्यात जातील. पण आईंच्या हाताला आता सांधेदुखी आहे, आणि बारीक पाकळ्या सोलायला त्यांना अर्धा तास लागतो. एकपाकळी गोटीला एक चिमटा काढला की साल निघते, एक गोटी म्हणजे एक फोडणी. महिनाभर पिठीला, भाजीला त्याच वापरत होत्या. आज डबा रिकामा बघून विचारलं, "ती बिनदाताची कुठे गेली?"

पुढच्या वर्षी दोन ओळी मुद्दाम फ्रीज न दाखवता लावायच्या. आईंसाठी.

24 ऑगस्ट, रविवार

यंदा बेण्याला चाळीसऐवजी साठ दिवस थंडी द्यायची आहे, लावणी 25 ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे न्हाणीतले 27 गड्डे आजच फ्रीजमध्ये जायला हवेत. आणि चवथ बुधवारी. फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध, खोबरं, पुरणाची डाळ. आईंनी डबा बघितला आणि बाहेर काढून ओट्यावर ठेवला. काही बोलल्या नाहीत.

डबा घेऊन कुंपणापाशी गेले. तियाच्या फ्रीजमध्ये सॉसेजच्या माळेशेजारी जागा झाली. मी तिला सांगितलं, भाजीच्या कप्प्यात, झाकण तिरकं, विसर्जनानंतर घेऊन जाईन. तिने झाकण उघडून आत डोकावलं. "सगळे हांगा आसात," म्हणाली, "हांव मेजून दवरतां." मोजून ठेवते म्हणे.